मोहरखेडचा कोरा पडदा

मोहरखेड सबस्टेशनच्या फाटकाशी मी स्कूटर थांबवली तेव्हा घड्याळात तीन वाजून बावन्न मिनिटे झाली होती. फाटकाचे कुलूप कोयंड्यासकट उपटून टाकलेले होते. आवारात चाळीसेक माणसे उभी होती. नियंत्रण-कक्षाच्या दारातून ठरावीक अंतराने एक आवाज येत होता, लाकडी टेबलावर लोखंड आपटल्यासारखा. प्रत्येक आवाजामागून एक माणूस कण्हत होता. तो नागोराव आहे हे मला दुसऱ्या खेपेला ओळखू आले.

नागोराव टोंपे हा तिथला ऑपरेटर. मी त्या उपविभागाचा अभियंता. त्या दिवशी दुपारी एक वाजून एकोणपन्नास मिनिटांनी नागोरावाने गावचा फीडर, म्हणजे गावाला वीज पुरवणारी मुख्य लाइन, चालू केला, आणि त्याच क्षणी उद्धव शिरफुले नावाचा आमचा वायरमन त्या लाइनच्या खांबावर होता. तो तारेलाच लटकून राहिला. त्याला खाली उतरवायला गावकऱ्यांना पाऊण तास लागला. तीन वाजून दहा मिनिटांनी नागोरावाचा मला तालुक्याला फोन आला की लोक इकडे निघाले आहेत. मी त्याला दार आतून लावून घ्यायला सांगितले. पोलीस ठाण्यातून गाडी निघाली आहे, मीही निघतो, असे म्हणालो.

"गाडी निघाली ना सायेब?" त्याने विचारले. "मग काही न्हाई. निभतंय तवर."

पोलिसांची गाडी त्या वेळी निघालेली नव्हती. ती दुसऱ्या गावच्या बंदोबस्तावर होती. तिथून ती सुटेल असे मला फोनवर सांगितले गेले होते आणि मी ते जरा सोपे करून सांगितले.

मी गर्दीतून वाट काढली. मला ओळखणारे होते, ते बाजूला सरले; एकाने पाठीत गुद्दाही घातला. आत गेलो तर नागोराव खुर्चीवर होता आणि दोघांनी त्याला मागून धरले होते. त्याचा उजवा हात टेबलावर पसरून ठेवलेला होता. समोर शेषराव, उद्धवच्या बायकोचा भाऊ, ब्रेकरची स्प्रिंग चढवण्याचे लोखंडी हँडल घेऊन उभा होता. नागोरावाच्या त्या हाताची तीन बोटे बोटांसारखी राहिली नव्हती. नागोरावाचा खालचा ओठ फाटून हनुवटीवर लोंबत होता. सदरा रक्ताने छातीला चिकटला होता.

"कुणाच्या फोनवर लाइन घेतली?" शेषराव विचारत होता. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "जिनिंगवाल्याच्या ना?"

"पोलीस येऊ द्या," नागोराव म्हणाला. "त्यांच्या म्होरं सांगतो."

हँडल पुन्हा खाली आले.

टेबलावर परमिटचे पुस्तक उघडे पडले होते. लाइनवर काम करायचे तर वायरमनने सबस्टेशनकडून ती बंद ठेवण्याची लेखी परवानगी घ्यायची. तिला आम्ही परमिट म्हणतो. काम संपले की त्याने स्वतः येऊन, सही करून ते परत करायचे, आणि मगच ऑपरेटरने लाइन चालू करायची. नियम असा. प्रत्यक्षात खांबापासून सबस्टेशन आठ-दहा किलोमीटर लांब. वायरमन फोनवर सांगत, "काम झालं, घ्या लाइन," म्हणजे चालू करा, आणि सही संध्याकाळी चहाला आल्यावर करत. तालुक्यात हे सगळ्यांना माहीत होते, मलाही होते. त्या दिवशीचे परमिट उद्धवचा थोरला भाऊ ग्यानोबा, तोही वायरमनच, याच्या नावावर अकरा पस्तीसला दिलेले होते. परतीच्या रकान्यात सही नव्हती. गर्दीने तो रिकामा रकाना पाहिला आणि परमिट उभे असताना लाइन घेतली, असा अर्थ काढला. कोणीतरी म्हणाले की जिनिंगच्या मालकाला घाई होती. एवढे पुरले.

ग्यानोबा तिथेच होता. बॅटरीच्या खोलीच्या भिंतीला टेकून, हातात उद्धवचा कमरपट्टा घेऊन उभा होता. पट्ट्याचे चामडे एका बाजूने जळाले होते. मला पाहताच तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सायेब, तुम्ही कायबी करू नका. पोलीस येऊ द्या." वीस वर्षे लाइनवर काढलेला माणूस, सख्खा भाऊ गेल्यावरही शिस्त सोडत नाही, असे माझ्या मनात आले.

संगणकासमोर दिगंबर बसला होता. तो गावात झेरॉक्सचे दुकान आणि संगणकाचा क्लास चालवी. नागोराव सगळे संगणकात लिहितो हे गावाला ठाऊक होते, म्हणून दिगंबरला बोलावून आणले होते. तो माउस इकडेतिकडे फिरवत होता. पडदा राखाडी होता, आणि त्यावर बाणाखेरीज काहीही नव्हते.

"काहीच न्हाई," दिगंबर मला म्हणाला, जणू तक्रार करत होता. "एक आयकॉन न्हाई, खालची पट्टी न्हाई, मेनू न्हाई. उजवं बटण दाबा, डावं दाबा. सगळं उडवून कोरा केलाय ह्यानं."

तो पडदा मी कोरा केला होता.

दोन वर्षांपूर्वी उपविभागाने मोडीत काढलेला एक संगणक मी मोहरखेडला आणला. त्यावरची जुनी प्रणाली सुरू व्हायला सहा मिनिटे घेई आणि पेनड्राइव्हमधून आलेल्या विषाणूंनी आठवड्यातून एकदा आजारी पडे. मी ती पुसून लिनक्स घातले. लिनक्सचे नटवलेले डेस्कटॉपही त्या म्हाताऱ्या यंत्राला ओढवेनात. मग तीन रविवार बसून मी वहीत तक्ता आखला: प्रोग्रॅमचे नाव, तो किती मेमरी खातो, आणि दिवसातून किती वेळा लागेल. तिसऱ्या रकान्यात शून्य आले की तो प्रोग्रॅम बाद. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत आम्हाला शिकवले होते की कानशीने भागत असेल तर लेथ सुरू करू नये. ती शिकवण मी आयुष्यभर पाळली.

चित्रे गेली. मेनू गेला. खालची पट्टी गेली. पडद्यावरचे घड्याळ मी काढले, कारण भिंतीवर एक होते. मजकूर लिहिण्याचे चार प्रोग्रॅम तपासून चारही वगळले. उरले ते एवढेच: खिडक्या मांडणारा एक चिमुकला प्रोग्रॅम, टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची काळी खिडकी, आणि मी स्वतः लिहिलेली अकरा ओळींची एक आज्ञा. तिचे नाव 'नोंद'. तेवढा शब्द रोमन अक्षरांत टाइप केला की त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी दिसत. त्यापुढे मजकूर लिहिला की तारीख-वेळ आपोआप लागून तो शेवटी जोडला जाई. एकदा जोडलेली ओळ नागोरावाला खोडता येत नसे. संगणक बावीस सेकंदांत सुरू होई आणि राखाडी पडदा दाखवी. खिडकीचे चित्र असलेली कळ धरून एंटर दाबले की टर्मिनल उघडे. दुसरा मार्ग मी ठेवलेला नव्हता.

नागोराव दहावीनंतर आयटीआय केलेला. चार दिवसांत तो सगळे शिकला. "सायेब, ही नव्या सुनंसारखी हाय," तो म्हणायचा, "घरातलं समदं करती, पर तोंड दाखवीत न्हाई." त्याने एकदाच मागणी केली होती. परका माणूस आला तर त्याला काहीतरी दिसावे, एखादे चित्र असावे, देवाचे का असेना. मी वही उघडून त्याला तिसरा रकाना दाखवला. चित्र दिवसातून किती वेळा लागते? तो हसला. त्या वहीतला प्रत्येक निर्णय मला तेव्हा बरोबर वाटत होता, आणि सबस्टेशनमधल्या कामापुरता तो बरोबर होताही.

"उडवलेलं नाही," मी शेषरावाला म्हणालो. "सगळं आत आहे. मी दाखवतो."

"तू बस गप," शेषराव म्हणाला. "ह्याचा सायेब तू. हात लावशील आन राहिलेलं बी पुसशील."

मी कळफलकाकडे हात नेला तसे त्याने हँडल माझ्या मनगटावर आडवे मारले. हाड मोडले नाही, पण पंजा बधिर झाला. नागोराव माझ्याकडे पाहत होता. त्याने मान डावी-उजवीकडे हलवली, एकदा आणि पुन्हा एकदा. त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलेले होते. मला वाटले, वेदनेने हलवतो आहे. इतका मार खाल्लेल्या माणसाला संगणकाची कळ कुठली आठवायला, असेही मनात आले. म्हणूनच बिचारा पोलीस पोलीस करतो आहे.

मागून कोणीतरी म्हणाले की बोटे झाली, आता डोकं घ्या. शेषरावाने हँडल दोन्ही हातांत धरले.

"मी हात लावत नाही," मी म्हणालो. "दिगंबर, तू लाव. मी सांगतो ती कळ दाब. पाच सेकंदांत समजेल लाइन कुणाच्या सांगण्यावरून घेतली. खोटं निघालं तर मलाही मारा."

हे वाक्य त्यांना पटले. शेषरावाने हँडल खाली केले नाही, पण थांबला.

"सायेब, नका," ग्यानोबा म्हणाला. तो इतक्या हळू बोलला की माझ्याशिवाय कोणी ऐकले नसावे.

"खिडकीचं चित्र असलेली कळ धर," मी दिगंबरला सांगितले. "सोडू नको. आता एंटर."

काळी खिडकी उघडली. दिगंबर दचकून मागे सरला. खोलीतली माणसे पुढे झुकली आणि मला, लाज वाटते पण खरे आहे, त्या क्षणी समाधान वाटले. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पाहत होते. मी त्याला एन-ओ-एन-डी ही अक्षरे सांगितली, पुन्हा एंटर दाबायला सांगितले, आणि दिवसाच्या चौदा ओळी पडद्यावर आल्या.

अक्षर बारीक होते. जास्त ओळी मावाव्यात म्हणून तेही मीच तसे ठेवले होते. दिगंबरला वाचता येईना. मी चष्मा पुसला आणि मोठ्याने, सावकाश, परीक्षेत उत्तर वाचून दाखवावे तसे वाचू लागलो. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून एक मिनिट झाले होते.

"अकरा पस्तीस. परमिट दिले. ग्यानोबा शिरफुले. दोन ठिकाणी काम, ग्यानोबा डीपीवर, उद्धव विहिरीजवळच्या खांबावर." मी एक श्वास घेतला. "तेरा सत्तेचाळीस. परमिट परत, फोनवरून. ग्यानोबा शिरफुले. दोन्हीकडची माणसे उतरली असे सांगितले. उद्धव उतरला का असे विचारले. हो म्हणाले. तेरा एकोणपन्नास. फीडर चालू. तेरा एकोणपन्नास. फीडर ट्रिप, आपोआप बंद."

मी अर्ध्यावर थांबू शकलो असतो. पहिल्या नावानंतर माझ्या लक्षात आले होते. पण हातात घेतलेली ओळ पुरी करायची ही माझी सवय, आणि डोके पोहोचण्याआधी जीभ पुढे गेली.

टेबलाच्या कडेवरून रक्ताचे थेंब फरशीवर पडत होते, तेवढे ऐकू येत होते. मग शेषराव वळला.

"ग्यानोबादादा," तो म्हणाला, "तुमी केल्ता फोन?"

ग्यानोबाने कमरपट्टा छातीशी धरला होता. "मला वाटलं उतरला," तो म्हणाला. "खालच्या वाटंनं तांबडी गाडी जाताना दिसली. मला वाटलं त्याचीच. मी साखळी काढली आन..." अर्थिंगची साखळी, चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणारी, एकच होती. ती त्याच्या टोकाला, डीपीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, टाकलेली होती आणि ती काढूनच त्याने फोन केला होता.

"आन दोन तास आमच्या संगं हुबा हाईस? ह्या माणसाला मारताना बघतूस?"

ग्यानोबाने कमरपट्टा त्याच्यापुढे केला.

पहिला घाव ग्यानोबाच्या खांद्यावर बसला, हाड तुटल्याचा आवाज झाला आणि तो भिंतीवरून खाली घसरला. नागोरावाला धरणाऱ्या दोघांनी त्याला सोडून दिले आणि ग्यानोबाचे पाय धरले. त्याला दारातून बाहेर ओढताना त्याचे डोके उंबऱ्यावर आपटले. मी मध्ये पडलो. कोणाचे तरी ढोपर माझ्या बरगड्यांत बसले आणि मी संगणकाच्या टेबलासकट आडवा झालो. पडदा फरशीवर पडून फुटला. नागोराव खुर्चीतून उतरून गुडघ्यांवर, एका हाताने रांगत दाराकडे चालला होता आणि फाटक्या ओठाने काहीतरी ओरडत होता. ते शब्द मला समजले नाहीत.

बाहेर विद्युत-आवारात गिट्टी पसरलेली होती. नियमाप्रमाणे चार इंच जाडीची, अंड्याएवढ्या दगडांची. हँडल एकच होते, आणि मारायला माणसे चाळीस. बाकीच्यांनी दगड उचलले. मी दारापर्यंत पोहोचलो तेव्हा ग्यानोबा ब्रेकरच्या पायाशी कुशीवर पडून दोन्ही हातांनी डोके झाकत होता आणि दर दगडासरशी त्याचे शरीर थोडे थोडे गोल होत होते. शेवटी हात डोक्यावरून गळून पडले, तरी दगड थांबले नाहीत. त्यांतले कित्येक जण सकाळी त्याच्याशी रामराम करून गेले असतील. शेषराव आता मारत नव्हता. तो बाजूला बसला होता, जळालेला कमरपट्टा त्याच्या मांडीवर होता, आणि तो रडत होता.

पोलिसांची गाडी चार वाजून दहा मिनिटांनी आली. गाडीचा आवाज येताच माणसे ज्वारीच्या रानातून पांगली.

ग्यानोबा तालुक्याच्या दवाखान्यात संध्याकाळी साडेसहाला वारला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिरफुल्यांच्या अंगणात दोन तिरड्या शेजारी-शेजारी बांधल्या. मी गेलो होतो, गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. त्यांची आई दोन्ही तिरड्यांच्या मध्ये बसली होती आणि बायका तिला कोणत्या बाजूला ओढावे हे न कळून तशाच उभ्या होत्या.

चौकशी समिती आली. संगणकाच्या फुटक्या पेटीतून मी हार्डडिस्क काढून दिली. सर्व नोंदी शाबूत होत्या. समितीने अहवालात लिहिले की मोहरखेडची नोंदपद्धती साधी, स्वस्त व विश्वासार्ह असून उपविभागातल्या इतर सहा सबस्टेशनांतही ती बसवावी. त्या पानावर माझी सही मागितली गेली आणि मी ती केली.

नागोरावाला मी सतराव्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात भेटलो. तोपर्यंत जायला मला जमले नाही असे मी इतरांना सांगत होतो. त्याची दोन बोटे काढून टाकली होती, ओठाला टाके होते, त्यामुळे तो शब्द जपून वापरत होता. त्याच्या बायकोने मला स्टूल दिले आणि ती पाणी आणायला गेली. मी त्याच्या पगाराची, रजेची, अपंगत्वाच्या कागदांची व्यवस्था कशी लावली आहे ते सविस्तर सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग मला राहवले नाही.

"नागोराव, ती कळ तू त्यांना सांगायला हवी होतीस," मी म्हणालो. "पहिल्या फटक्यालाच. घाबरून विसरलास का?"

त्याने मान माझ्याकडे वळवली.

"दिसातनं तीस डाव दाबतो ती कळ, सायेब."

मी स्टूल खाटेजवळ ओढले.

"लिव्हलं ते मीच लिव्हलं," तो म्हणाला. "खरं हुतं म्हणून लिव्हलं. पोलिसाला दाखिवणारच हुतो. लपवायचं न्हवतं." टाक्यांमुळे तो थांबला, पुन्हा बोलला. "पर त्या घटकंला उघडलं असतं तर त्येंनी त्याला तिथंच मारला असता. एका घरात एकाच दिवशी दोन... तुमी म्हणला हुता गाडी निघाली. म्हटलं, तवर माझ्यावर भागू दे."

त्याची बायको तांब्या घेऊन आली. त्याने तिला खुणेने थांबवले.

"गाडी कितीला आली त्या दिवशी?"

"चार वाजून दहा मिनिटांनी."

"आन तुमी वाचलं कितीला?"

"चार वाजून एक."

नागोरावाने डोळे मिटले. पट्ट्या बांधलेला हात पांघरुणावर किंचित हलला, मोजत असल्यासारखा.

"नऊ मिनटं," तो म्हणाला. "तेवढी काढली असती मी, सायेब."